जरा वर धरा

आज चर्चमध्ये उपासनेनंतर नाताळच्या मदतीचं वाटप झालं, तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. लिहून मोकळी होते.

आधी देणाऱ्यांची नावं माईकवरून, रकमेसकट. प्रत्येक नावाला टाळ्या. मग घेणाऱ्यांची रांग. त्यांची नावं कुणी घेतली नाहीत, नुसतं "चला, पुढे या". एका म्हाताऱ्या बाईंच्या हातात पिशवी दिली, दाते शेजारी उभे राहिले आणि फोटो काढणारा म्हणाला, "आजी, जरा वर धरा. नाव दिसत नाहीये." नाव दात्यांचं, पिशवीवर छापलेलं. आजींनी पिशवी छातीपर्यंत उचलली. "अजून जरा." अजून उचलली. हात थरथरत होते त्यांचे.

आणि हा ॲडव्हेंट! नाताळाआधीचे, स्वतःला तपासून बघायचे आठवडे!

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्राचा, दुसरा अध्याय आपण दर नाताळात वाचतो, पण गव्हाणी आणि मेंढपाळ झाले की पुस्तक मिटतो. जरा पुढे वाचा. बाळ येशूला मंदिरात नेलं तेव्हाच्या अर्पणासाठी लूक होल्यांचा जोडा किंवा पारव्यांची दोन पिल्लं सांगतो. जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात नियम स्पष्ट आहे: ऐपत असेल तर कोकरू आणि एक पक्षी, नसेल तर दोन पक्षी. म्हणजे येशूचे आईवडील, योसेफ आणि मरीया, कोकरू न परवडणाऱ्यांतले. आजच्या वाटपात ते कुठे असते? रांगेत. आणि कुणीतरी मरीयेला म्हणालं असतं, बाई, बाळ जरा बाजूला घ्या, पिशवी वर धरा.

याच मरीयेचं गीत आपला क्वायर इतकं गोड गातो की त्यात ती काय म्हणते ते कुणाच्या कानावरच जात नाही. देवाने भुकेल्यांना तृप्त केलं आणि धनवानांना रिकाम्या हाती परत पाठवलं, असं म्हणते ती. हे पहिल्या रांगेतल्या राखीव खुर्च्यांसमोर गायचं! याकोबाने तर बायबलमधल्या आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सरळ सुनावलंय: सोन्याची अंगठीवाला आला की त्याला चांगली जागा, आणि गरिबाला "तिथे उभा राहा". आपल्याबद्दलच लिहिलंय.

बरं, मान्य. पैसा लागतो. छप्पर गळतं तेव्हा आपण याच लोकांकडे जातो. येशूला ठेवायला कबर मिळाली तीही अरिमथाईच्या श्रीमंत योसेफामुळे. हिशेबही चोख हवा, मग पावती द्या ना! पावतीला टाळ्या लागत नाहीत.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. त्या दात्यांचा चेहरा आठवतोय. वाईट माणूस नाही तो. आजींकडे बघायचंच राहून गेलं त्यांचं, सगळं लक्ष कॅमेऱ्याकडे. मार्क त्याच्या शुभवर्तमानात सांगतो, एक धनवान माणूस येशूकडे आला तेव्हा येशूने त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली. सगळं विकून गरिबांना दे, हे त्यानंतर सांगितलं. श्रीमंतांवर प्रभूचा राग नव्हता. त्यांची काळजी होती, असं मला वाटतं. आणि स्वतः प्रभू श्रीमंत असून आपल्यासाठी दरिद्री झाला, असं प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो. आपण मात्र दान देतानाही एक पायरी वर चढून उभे राहतो.

६ डिसेंबरला ज्यांचा सण असतो त्या संत निकोलसांची जुनी कथा आहे. एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या हुंड्यासाठी त्यांनी रात्री, कुणाला कळू न देता, घरात सोनं टाकलं. त्यांचाच पुढे सांता झाला, आणि आपण त्या सांतालाही स्टेजवर उभं केलं.

आता कुणीतरी जक्कय काढणारच, लूकमधला तो श्रीमंत जकातदार. त्यानेही चारचौघांत उभं राहून अर्धी मालमत्ता जाहीर केली होती. हो, केली होती. पण पुढच्याच वाक्यात तो म्हणाला, कुणाचं लबाडीने घेतलं असेल तर चौपट परत करतो. आपल्याकडे कुणाला तेवढं बोलायचं असेल तर माईक खुशाल द्या, टाळ्या मी सुरू करते.