फुकट म्हणून गर्दी?

‘उपचार फुकट केले की गरीब माणसं उठसूट फॅमिली डॉक्टरकडे जातात. थोडी फी लावा, गर्दी आपोआप ओसरेल.’ असा मजकूर सगळीकडे फिरतोय. त्यातलं एवढंच खरं, की गरीब वस्तीत फेऱ्या जास्त होतात.

‘उठसूट’? स्कॉटलंडमधल्या सुमारे साडेसतरा लाख रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. एकाच माणसाला अनेक दीर्घकालीन आजार जडण्याची वेळ सर्वांत गरीब भागांत सधन भागांपेक्षा १० ते १५ वर्षं आधी येते, असं त्यात दिसलं. शरीर आणि मन दोन्हींचे आजार असलेले गरीब भागांत ११ टक्के, सधन भागांत ५.९. वय तेवढं बघायचं आणि आजार मोजायचेच नाहीत, मग फेऱ्या फाजील वाटणारच.

‘एका फेरीत सगळं का उरकत नाहीत?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला बहुधा एका वेळी एकच दुखणं असतं. मधुमेह, रक्तदाब आणि गुडघेदुखी असलेली एखादी बाई घ्या. कामावर उभं राहता यावं म्हणून ती परस्पर आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी घेते. त्या गोळीने रक्तदाब वाढू शकतो, मधुमेहाने आधीच नाजूक झालेल्या मूत्रपिंडांवर आणखी ताण येतो. डॉक्टरने नुसता बीपी बघून औषध वाढवलं, तर मूळ कारण तसंच राहतं. ‘दुखण्यावर काय घेता?’ हे विचारायला सवड लागते. रात्र रात्र झोप नाही, हे तर ती उठून दाराशी गेल्यावर सांगणार. झाली पुढची फेरी पक्की.

आणि सवडीचीच तर गरीब वस्तीतल्या दवाखान्यांत वानवा. जिथे गरज जास्त, तिथे चांगली सेवा कमी, हे ज्युलियन ट्यूडर हार्ट या ब्रिटिश डॉक्टरने १९७१ सालीच मांडलं होतं.

‘फीमुळे नको त्या फेऱ्याच थांबतील.’ अमेरिकेत रँड या संशोधन संस्थेने १९७०च्या दशकात नेमकं हेच तपासायला घेतलं. खिशातून पैसे भरावे लागले तेव्हा उपचार घेणं कमी झालं खरं, पण गरजेचं आणि बिनगरजेचं, दोन्ही. उलट रक्तदाब असलेल्या गरिबांना मोफत उपचार मिळाले, तेव्हा त्यांचा रक्तदाब जास्त आटोक्यात राहिला.

‘अपॉइंटमेंट घेऊनही येत नाहीत.’ तीन आजारांना तीन तारखा, प्रत्येक तारखेला बुडालेली मजुरी. येतील कसे? फेऱ्या घटवायच्याच असतील तर तिन्ही तपासण्या एकाच दिवशी ठेवा आणि अशा रुग्णाला दुप्पट वेळ द्या.