रिव्ह्यूला उत्तर: ‘ट्रायपॉड हलतो, ताऱ्यांना शेपट्या येतात’

नमस्कार,

आमचा मोबाइल ट्रायपॉडचा संच घेऊन आपली निराशा झाली, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. क्लॅम्पची (फोन धरणाऱ्या चिमट्याची) पकड सैल वाटत असेल तर तो बदलून देऊ. पण ‘ट्रायपॉड हलतो म्हणून प्रत्येक ताऱ्याला शेपटी येते, पैसे पाण्यात गेले’ हे वाचून फार वाईट वाटलं. आपण टाकलेला सप्तर्षींचा फोटो आम्ही मोठा करून नीट पाहिला आणि त्यात वेगळंच दिसतं.

सप्तर्षींतल्या प्रत्येक ठळक ताऱ्याची एक आखूड सरळ रेघ आहे आणि तिच्या टोकाला आकड्यासारखी वळलेली फिकट शेपटी. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

रेघ पृथ्वीच्या फिरण्यामुळे आली आहे. आकाश तासाला 15 अंश सरकतं आणि आपण एक्स्पोजर (कॅमेरा प्रकाश टिपत राहतो तो वेळ) 30 सेकंदांचं ठेवलं होतं, असं आपणच लिहिलं आहे. तेवढ्या वेळात फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात तारा काही पिक्सेल सरकणारच, ट्रायपॉड कितीही भक्कम असो. फोटोच्या कडेला ध्रुव आला आहे, त्याची रेघ नाही. ट्रायपॉड घसरत असता तर ध्रुवही सोबत ओढला गेला असता.

शेपटी मात्र ध्रुवालाही आहे, म्हणजे फोन हलला हे खरं. पण किती वेळ? सप्तर्षींतल्या वसिष्ठाला शेपटी आहे, त्याला अगदी खेटून असलेल्या अरुंधतीला नाही. अरुंधती अंधुक आहे, क्षणभरात तिचा प्रकाश उमटण्याइतका साठत नाही. फोन सतत हलत राहिला असता तर दोन्ही तारे सारखेच फराटले असते. इथे तो सुरुवातीला जेमतेम एखादा सेकंद हलला आणि पुढे स्थिर राहिला. स्क्रीनवरचं बटण बोटाने दाबलं की नेमकं असंच होतं.

आणि आपल्याच रिव्ह्यूत शेवटी आहे, ‘रिमोट खोक्यातच आहे, गरज पडली नाही.’ राग मानू नका, पण तो रिमोट याच धक्क्यासाठी दिलेला आहे. न वापरलेल्या वस्तूच्या कामाचं खापर ट्रायपॉडवर फुटलं, हे मनाला लागतं. रिमोटच्या सेलजवळची प्लॅस्टिकची पट्टी ओढून काढा, ब्लूटूथने जोडा. बऱ्याच फोनमध्ये तो आवाजाच्या बटणासारखा चालतो, त्यामुळे कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये त्या बटणाला ‘झूम’ असेल तर ‘शटर’ करा. नको असेल तर 5 किंवा 10 सेकंदांचा टायमर लावला तरी चालतं.

एक्स्पोजर 10 सेकंदांवर आणा, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) 1600 ते 3200. फोकस मॅन्युअल ठेवा. काही फोनमध्ये स्लायडर अगदी टोकाला नेला की तारे उलट फुगतात, म्हणून ठळक तारा झूम करून तो सगळ्यात बारीक दिसेल तिथे थांबा. मग झूम परत 1 वर घ्या. लेन्स आधी पुसा, बोटाच्या तेलकट डागाने ताऱ्याभोवती धुरकट वलय येतं.

क्लॅम्पबद्दल: त्याची स्प्रिंग फोन फक्त धरून ठेवते, खरी पकड मागच्या स्क्रूने येते. जाड रबरी कव्हर असेल तर काढा, ते दबतं आणि फोन हळूहळू खाली कलतो. ट्रायपॉडच्या पायांचा सगळ्यात खालचा, बारीक भाग शक्यतो उघडू नका. वाऱ्यात तो थरथरतो, हे आम्ही नाकारत नाही.

सूचनापत्रकात रिमोटचा भाग ठळक करायचं ठरवतो आहोत, क्लॅम्पचंही बघतो. आमचं काम लहान आहे आणि नवीन ग्राहक आधी एक स्टारचा रिव्ह्यूच उघडतो. म्हणून विनंती: रिमोट लावून, 10 सेकंदांवर, पुन्हा सप्तर्षीच टिपा. तरीही शेपटी आली तर तो फोटो इथेच टाका, संच परत घेऊन पूर्ण पैसे देऊ. नाही आली, तर ‘ट्रायपॉड हलतो’ एवढं वाक्य तरी कृपया बदला.