चव खाणाऱ्याला, धूर रांधणारीला

फॅमिली ग्रुपांवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. शब्द बदलतात, सार तेच असतं. चुलीवरचं अन्न औषध, गॅसवरचं विष, त्यानं पोटात गॅस धरतो आणि कॅन्सर होतो. आपल्या आज्या आयुष्यभर चुलीपुढे बसल्या आणि नव्वदी गाठून गेल्या. धुरानं घरातले डास आणि जंतू मरायचे. लाकूड निसर्गाचं, गॅस कारखान्यातला. सरकारनं गॅस दारात आणून दिला तरी खेड्यातल्या बायका चुलीकडेच वळल्या, म्हणजे खरं काय ते त्यांना कळतं. खाली 'पुढे पाठवा', आणि सोबत बहुतेक वेळा टम्म फुगलेल्या भाकरीचा फोटो.

त्या फोटोत तवा असतो, निखारे असतात. भाकरी करणारी बाई क्वचितच असते, आणि या मजकुराची गोम तिथेच आहे. तो जेवायला बसलेल्या माणसानं लिहिलेला आहे. चुलीपुढे बसलेल्या बाईला विचारून त्यातलं एकही वाक्य लिहिलेलं नाही.

चवीपासून सुरुवात करतो, कारण ती खरी आहे. तव्यावरून काढलेली भाकरी निखाऱ्यापुढे उभी केली की तिला कोरडी, प्रखर आच लागते, पापुद्रा सुटतो आणि जागोजाग खरपूस ठिपके पडतात. लाकूड जळताना धुरात सुगंधी द्रव्यं तयार होतात, ती आमटीत, मटणाच्या रश्श्यात उतरतात. महामार्गावरचे ढाबे 'चुलीवरचं जेवण' अशी पाटी लावतात ती उगीच नाही. पण चविष्ट आहे म्हणून ते औषधी होत नाही. ज्वारी-बाजरीतली प्रथिनं, तंतू, खनिजं खाली जळतंय काय यावर ठरत नाहीत. 'चुलीवरच्या भाजीत लोह जास्त' असंही या मजकुरात असतं. ते लोह चुलीचं नाही, लोखंडी कढईचं आणि तव्याचं आहे. तीच कढई गॅसवर ठेवली तरी लोह उतरतं, आणि चुलीवर जर्मनचं (अ‍ॅल्युमिनियमचं) पातेलं ठेवलं तर उतरत नाही.

गॅसवर शिजवलेलं खाल्लं की पोटात गॅस धरतो, हा दावा दोन वाक्यांत मिटतो. सिलिंडरमधले प्रोपेन आणि ब्युटेन जळून प्रामुख्यानं वाफ आणि कार्बन डायऑक्साइड होतात, ते पदार्थात मुरत नाहीत. पोटातला वायू आतड्यातले जीवाणू न पचलेल्या अन्नावर काम करतात तेव्हा तयार होतो, मग ती हरभऱ्याची उसळ कशावरही शिजवलेली असो.

गॅस पूर्णपणे निर्धोक आहे असं मात्र मी म्हणणार नाही. त्याच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो आणि बंद खोलीत तो दम्याच्या रुग्णांना, लहान मुलांना त्रास देतो. अमेरिकेत गॅसच्या शेगड्यांवरून वाद झाला तो यामुळेच, आणि त्या बातम्यांची कात्रणंही या मजकुराला जोडली जातात. पण तिथे पर्याय म्हणून चर्चा विजेच्या शेगडीची आहे. लाकडाकडे परत जा असं त्या चर्चेत कुणी म्हटलेलं नाही. गॅस पेटवताना खिडकी उघडी ठेवावी, एवढंच आपल्यासाठी त्यातून घ्यावं.

आता आजीचा दाखला. यावर जरा थांबावं लागेल, कारण लोकांना पटतो तो हाच. नव्वदी गाठलेली आजी आपल्याला आठवते, कारण ती आपल्यापर्यंत पोचली. पन्नाशीत खोकून खोकून गेलेली तिची जाऊ, किंवा तान्हेपणीच छाती भरून गेलेलं तिचं तिसरं मूल, यांचे फोटोही घरात नसतात. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतातलं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं, आज ते सत्तरीच्या घरात आहे. त्या काळातले मृत्यू सगळे चुलीमुळे झाले असं अजिबात नाही. पण 'त्या काळी माणसं निरोगी होती' हा ज्या पायावर दावा उभा आहे, तो पायाच पोकळ आहे.

आणि ज्या आज्या जगल्या त्यांची छाती कुणी तपासली होती? कोरडवाहू भागातलं स्वयंपाकघर जुलै महिन्यात पाहावं. पत्र्याचं छप्पर, एखादा झरोका, आढ्याला काजळीचा थर. जळणाला पऱ्हाट्या आणि तुराट्या, त्याही पावसानं सादळलेल्या. गोवऱ्या धुमसतात, जाळ धरत नाही. मग बाई फुंकणी घेऊन ओणवी होते. फुंकर घालायची तर आधी छाती भरून श्वास घ्यावा लागतो, आणि तो श्वास ती चुलीच्या तोंडापासून हातभर अंतरावर, धुरातच घेते. डोळे पुसते, पुन्हा वाकते. मांडीवर किंवा पाठीशी मूल असतं. दिवसातून दोनदा, वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षापासून.

हे कुणी मोजलं नव्हतं असं नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ कर्क स्मिथ यांनी भारतीय सहकाऱ्यांबरोबर १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत रांधणाऱ्या बायकांच्या अंगावर मोजयंत्रं लावली आणि त्यांच्या श्वासात किती धूर जातो ते नोंदवलं. तोवर हवेचं प्रदूषण म्हणजे शहरातल्या गिरण्या आणि मोटारी, अशी समजूत होती. जागतिक आरोग्य संघटना आज सांगते की वारा न खेळणाऱ्या घरांत सूक्ष्म कणांचं प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या शंभरपटही असू शकतं. हे कण २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढे. नाकात, घशात ते अडत नाहीत. फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि तिथून होणारी सूज रक्तवाहिन्यांपर्यंत पोचते.

म्हणूनच धुराचे मृत्यू धुराचे वाटत नाहीत. संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. त्यात पाच वर्षांखालची मुलं २ लाख ३७ हजारांहून अधिक. या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त हृदयविकारानं आणि पक्षाघातानं झालेले, बाकीचे न्यूमोनिया, सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसाचा आजार) आणि फुप्फुसाचा कर्करोग यांनी. दाखल्यावर 'हृदयविकार' लिहिलं जातं, चुलीचं नाव कुठेच येत नाही. घरचेही म्हणतात, म्हातारीनं आयुष्यभर चुलीपुढे काम केलं, काही झालं नाही, शेवटी हार्ट अ‍ॅटॅकनं गेली.

सीओपीडी हा बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा आजार, असं डॉक्टरसुद्धा बरीच वर्षं धरून चालत. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहून ही समजूत हलवली. जगात धूम्रपान करणारे सुमारे शंभर कोटी, तर लाकूड-शेण-काडीकचऱ्याचा धूर घेणारे सुमारे तीनशे कोटी. म्हणजे जन्मात विडी न ओढलेल्या बाईची श्वासनलिका अरुंद होते, यामागे मोठं कारण आहे, आणि ते तिच्या घरातच आहे.

'कॅन्सर गॅसमुळे होतो' या वाक्याला तर उत्तर देताना राग आवरावा लागतो, कारण ते सत्याच्या बरोबर उलट आहे. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात घरात कोळसा जाळल्यानं होणारा धूर निश्चित कर्करोगकारक आणि लाकडासारख्या जळणाचा धूर संभाव्य कर्करोगकारक ठरवला. चीनच्या युन्नान प्रांतातल्या श्वानवेई भागात बायका जवळजवळ धूम्रपान करत नव्हत्या, तरी त्यांच्यातलं फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण देशात सर्वाधिक असलेल्यांपैकी होतं. घरातल्या उघड्या खड्ड्यात धुरकट कोळसा जाळत. ज्या घरांनी धुराडं असलेली चूल बसवली, तिथे पुढच्या काळात हा धोका चाळीस टक्क्यांहून अधिक घटला, स्त्रियांत आणि पुरुषांतही.

डासांचं म्हणाल तर धुरानं डास थोडा वेळ दूर राहतात, हे खरं. मच्छरदाणीनंही राहतात.

'लाकूड नैसर्गिक' हा मुद्दा शहरी, पर्यावरणाची कळकळ असणाऱ्या लोकांना जास्त भावतो. साध्या चुलीत लाकडातल्या उष्णतेपैकी जेमतेम दहा-पंधरा टक्के भांड्याला लागते, गॅसच्या चांगल्या शेगडीत साठ टक्क्यांच्या आसपास. उरलेली वाया जाते. शिवाय लाकूड पुरतं जळत नाही आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड, मिथेन, काजळी बाहेर पडते. ती काजळी घरात राहत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानं भारताच्या बाहेरच्या हवेतल्या सूक्ष्म कणांत घरगुती जळणाचा वाटा साधारण पावभाग काढला, इतर कुठल्याही एका कारणापेक्षा जास्त. एलपीजी खनिज इंधन आहे आणि आपण त्यातलं निम्म्याहून जास्त आयात करतो, हे मान्य. त्यावर उत्तर म्हणून वीज आहे, गोबरगॅस आहे. पण हवामान वाचवण्याची सुरुवात जगातल्या सर्वात कमी इंधन जाळणाऱ्या बाईच्या शेगडीपासून करायची, ही मागणी मला अन्यायाची वाटते.

आता सर्वात लबाड मुद्दा: गॅस देऊनही बायका चुलीकडे वळल्या. अर्धी गोष्ट खरी आहे. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियात गरीब घरांतल्या बायकांना गॅसजोडणी देणारी उज्ज्वला योजना सुरू झाली, आठ कोटी जोडण्यांचं लक्ष्य सप्टेंबर २०१९ मध्ये पूर्ण झालं, आज आकडा दहा कोटींच्या वर आहे. आणि तरीही कॅगच्या २०१९च्या अहवालात उज्ज्वलाच्या घरांचा सरासरी वापर वर्षाला तीन-साडेतीन सिलिंडर एवढाच दिसला. चार-पाच माणसांचा सगळा स्वयंपाक गॅसवर करायचा तर याच्या दुप्पट लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९ ते २१ दरम्यान ग्रामीण भारतातली ४३ टक्के घरंच मुख्यतः स्वच्छ इंधनावर रांधत होती.

याचा अर्थ बायकांना धूर आवडतो? २०२३च्या सुरुवातीला घरगुती सिलिंडर अकराशे रुपयांच्या पुढे गेला होता. उज्ज्वलाचं अनुदान दोनशे रुपये होतं, त्या ऑक्टोबरात तीनशे झालं. शेतमजूर बाईची तीन-चार दिवसांची मजुरी एका टाकीत जायची, आणि पैसे एकदम द्यावे लागायचे. सरपण 'फुकट' असतं, कारण ते गोळा करायला तिचा अर्धा दिवस आणि तिची मान लागते, आणि त्याचा हिशोब कुणी धरत नाही. गॅस भरायचा की नाही हे ठरवणारा बहुतेक घरांत पैसे हातात असलेला पुरुष असतो, आणि खोकला त्याला येत नाही. २०२०च्या टाळेबंदीत सरकारनं उज्ज्वलाच्या घरांना तीन सिलिंडर मोफत दिले, तेव्हा १४ कोटींहून अधिक टाक्या उचलल्या गेल्या. किंमत हटली की हात पुढे आले. चुलीवर इतकीच श्रद्धा असती तर त्या टाक्या गोदामात पडून राहिल्या असत्या.

'मग धूरविरहित चूल वापरा' असं सुचवणारेही भेटतात. ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या पुण्याच्या 'आरती' संस्थेसारख्या ठिकाणी त्यावर मनापासून काम झालं आहे. पण ओडिशात अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी सुमारे २६०० कुटुंबांचा चार वर्षं पाठपुरावा केला तेव्हा पहिल्या वर्षी श्वासातला धूर कमी झाला आणि पुढे फरक उरला नाही. चुली फुटल्या, धुराडी तुंबली, दुरुस्तीला कुणी आलं नाही, वापर कमी झाला. नीट सांभाळली तर ती उपयोगी आहे. वाटून फोटो काढून निघून गेलं तर नाही.

चुलीच्या बाजूचा एक पुरावा खरोखर गंभीर आहे आणि तो झाकून ठेवणं बरोबर नाही. तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथे मिळून ३२०० गरोदर स्त्रियांवर एक प्रयोग झाला. निम्म्या घरांना शेगडी आणि दीड वर्ष मोफत गॅस दिला. त्यांच्या श्वासातले सूक्ष्म कण घनमीटरला साधारण २४ मायक्रोग्रॅम भरले, चुलीवरच राहिलेल्या घरांत ते ७० होते. तरीही बाळांच्या जन्मवजनात फरक दिसला नाही, आणि तान्ह्यांचा तीव्र न्यूमोनियाही कमी झाला नाही. मी हे निकाल वाचून अस्वस्थ झालो. त्यातून निघतं ते असं की उशिरा आणि थोड्या काळासाठी दिलेला गॅस, तोही शेजारच्या चुलींचा धूर भिंतीवरून येतच असताना, बाळांना पुरेसा ठरत नाही. चाळीस वर्षांचा धूर बाईच्या फुप्फुसांचं आणि हृदयाचं काय करतो हे दीड वर्षाच्या त्या प्रयोगातून कळण्यासारखं नव्हतं. गर्भारपणातही धूर चालतो असा अर्थ त्यातून काढणाऱ्यांनी तो अभ्यास वाचलेला नाही.

ज्यांच्या घरी अजून चूल आहे त्यांच्यासाठी काही गोष्टी आजच होण्यासारख्या आहेत. जळण वाळवून, आडोशाला ठेवा, ओलं लाकूड सर्वात जास्त धुमसतं. चूल पडवीत किंवा अंगणात हलवता येत असेल तर हलवा. रांधताना तान्हं मूल दुसऱ्या कुणाकडे द्या. एकदम चौदा किलोची टाकी झेपत नसेल तर वितरकाकडे पाच किलोची मागा. आणि चाळिशी ओलांडलेल्या आईला, सासूला, मावशीला चढ चढताना दम लागत असेल, सकाळी कफ पडत असेल, तर 'वयामुळे' म्हणून सोडू नका. स्पायरोमेट्री नावाची फुंकण्याची तपासणी असते, काही मिनिटांत होते. तिथे डॉक्टर विडी-तंबाखूबद्दल विचारतील. चुलीवर किती वर्षं रांधलं, हे त्यांनी विचारलं नाही तरी आपण होऊन सांगा.