लास्ट किती?

२०१३च्या जूनमध्ये प्लेस्टेशनवाल्या सोनीनं एक चिमुकला व्हिडिओ काढला होता. वापरलेला व्हिडिओ गेम मित्राला कसा द्यावा, याचं प्रात्यक्षिक. कंपनीचेच दोन साहेब शेजारी शेजारी उभे. एक जण गेमची डबी पुढं करतो, दुसरा ती घेतो आणि आभार मानतो. खलास. अर्धं मिनिटही होत नाही. त्या दिवसांत मायक्रोसॉफ्टनं आपल्या नव्या एक्सबॉक्स या गेमयंत्रासाठी जुन्या डिस्कच्या देवघेवीवर अटी जाहीर केल्या होत्या, शिवाय यंत्रानं चोवीस तासांतून एकदा इंटरनेटवर हजेरी लावायची होती. लोक इतके खवळले की त्याच महिन्यात कंपनीला सगळं मागं घ्यावं लागलं. सोनीचा टोमणा त्यावर होता आणि तो बरोबर लागला.

माझं म्हणणं एवढंच, की त्या दोन साहेबांपैकी एकाला आमच्या बेळगावच्या टिळकवाडीत उभा करायचा आणि दुसऱ्याला हिंडलग्याहून बोलवायचा. मग व्हिडिओ किती लांबतो ते बघायचं.

मी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत हिशेब लिहितो. पगार तोलूनमापून येतो, आणि प्लेस्टेशन फाइव्हचा मोठा गेम नवा घ्यायचा तर ४९९९ रुपये पडतात. फोरच्या काळात ३९९९ होते. एवढे पैसे टाकून आणलेला गेम दोन आठवड्यांत संपतो आणि टीव्हीखालच्या कपाटात, लग्नात आलेल्या लेमन सेटच्या शेजारी जाऊन बसतो. बायको येता-जाता तिकडं बघते. लेमन सेटकडं बघते असं मी धरून चालतो. तेव्हा संपलेला गेम विकायचा, त्यात थोडी भर घालायची आणि दुसऱ्या कुणाचा तरी संपलेला गेम आणायचा, हा सरळ हिशेब. कागदावर उत्तम बसतो. पण या धंद्यात इतकी वर्षं घालवल्यावर सांगतो, कागदावर काहीही बसतं.

जाहिरात टाकली की पहिला निरोप येतो, "लास्ट किती?" नमस्कार नाही, चमत्कार नाही, डिस्क चालते काय हे विचारणं नाही. किंमत वर ठळक लिहिलेली असते, पण तिच्याकडं बघणं म्हणजे कमीपणा. हजार म्हटलं की तो सहाशे म्हणतो. आठशेवर उतरलं की म्हणतो, "सहाशे म्हटलो की मघाशी." गोकाकचा एक गडी फोनवर "कम्मी माड्री, कम्मी माड्री" करत राहिला, मी "आगंगिल्लरी" म्हणत राहिलो. मग माझी दया येऊन तो मराठीत आला, मी हट्टानं कन्नडातच राहिलो, आणि शेवटी दोघंही हिंदीत भांडलो. भाव जिथल्या तिथं. आणखी एक जण सकाळी लास्ट विचारायचा, संध्याकाळी पुन्हा विचारायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. मला वाटलं, विसरत असेल बिचारा. तसं नव्हतं. दर खेपेला पन्नास उतरतात काय, ते तो बघत होता.

भाव ठरला की माणूस निघतो. म्हणजे "येऊलालो" म्हणतो. नंतर फोन लावावा तर उत्तर एकच, "गेट पडलंय." टिळकवाडीला येणाऱ्या माणसाला रेल्वेनं पहिलं, दुसरं आणि तिसरं अशी तीन गेटं सबबीसाठी करून ठेवली आहेत. हिंडलग्याच्या किंवा कॅम्पाच्या माणसानं गेट पडल्याचं सांगितलं तर मी समजू शकतो. मालगाडी लांबलचक असते. पण माझं घर आरपीडी कॉलेजच्या बाजूला, आणि वडगावातून येणाऱ्याच्या वाटेत रेल्वेचा रूळसुद्धा लागत नाही. तोही गेट पडलंय म्हणतो.

आणि येतो तो एकटा येत नाही. कॉलेजातला एक पोरगा एका कार रेसिंगच्या गेमसाठी आला होता. बरोबर मित्र, मित्राचा 'कॉम्प्युटरमधलं कळणारा' भाऊ, आणि पैसे ज्यांच्या खिशातून जाणार ते मामा. मामांची शहापुरात सराफी. मी डबी उघडून दिली तसं त्यांनी वरच्या खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं. डिस्क ट्यूबलाइटसमोर धरली, फिरवली, तोंडाच्या वाफेनं धुरकट केली, धोतराच्या सोग्यानं पुसली, परत धरली. घरात कुणी बोलेना.

"ही रेघ बघा," मामा म्हणाले. "घट धरावी लागणार."

"पेस्ट लावली तर जाते की," मित्राचा भाऊ म्हणाला.

इथं माझ्यातला जाणकार जागा झाला. मी त्यांना नीट समजावून सांगितलं, की पेस्ट चोळायचा उपाय सीडीच्या जमान्यातला. सीडीत माहितीच्या थरावर एक मिलिमीटरहून जास्त प्लास्टिक असायचं, वरचं थोडं घासून काढलं तरी चालायचं. ही ब्लू-रे आहे. हिच्यात माहिती पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असते, म्हणून वरून कडक लेप दिलेला असतो. त्या लेपावर सहसा ओरखडा उठत नाही, पण पेस्ट चोळत बसलात तर उरलंसुरलंही घालवून बसाल.

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. भिंग खिशात ठेवलं. "म्हणजे वरचा मुलामा," ते भाच्याला म्हणाले. "मग आठशे कशाचे?"

त्यानंतर ट्रायल. "नुसती चालू होती काय बघतो," असं म्हणून जो पाट मांडला जातो, तो कंपनीच्या व्हिडिओत कुठंच दाखवलेला नाही. डिस्क आत घातली की यंत्र आधी सगळा गेम पोटात उतरवून घेतं, मग इंटरनेटवरून दुरुस्त्या मागवतं, आणि आमच्या गल्लीतलं इंटरनेट शिपायामार्फत फाइल यावी तसं येतं. तोवर चहा. मग पोहे. मग मामांना साखर चालत नाही म्हणून दुसरा चहा. गाडी एकदाची सुरू झाली तर भाच्याच्या हातातला रिमोट मामांनी घेतला आणि शर्यतीत गाडी उलटी पळवली. समोरून येणारे सगळे स्पर्धक चुकवत ते एवढे रंगले की दुकान वाढवायची वेळ झाली तरी उठेनात. जाताना म्हणाले, "बघून सांगतो." मग भाचा एकटा यायला लागला. कधी आवाज नीट येतो काय बघायला, कधी पुढच्या रस्त्यात अडकत नाही ना ते बघायला. बायको त्याला पोळ्या लाटताना विचारायला लागली, "किती राहिलंय रे अजून?" शेवटची शर्यत जिंकल्यावर त्यानं रिमोट खाली ठेवला आणि म्हणाला, "शेवट काय बरोबर नाही, अण्णा." गेला तो गेलाच.

नव्वदच्या दशकात हे बरं होतं. घरात टीव्हीला जोडायचं सामुराई नाहीतर लिटल मास्टर, आणि गेमच्या पिवळ्या कॅसेटी. कॅसेटीवर '९९९९९९ इन १' असं छापलेलं असायचं आणि आत तेच पाच-सहा गेम नावं बदलून फिरायचे, त्यामुळं कुणाची कॅसेट कुणाकडं गेली तरी फसवणूक सारखीच. चालली नाही तर फुंकायची. निन्टेंडोवाले खरं तर फुंकू नका म्हणायचे, तोंडाच्या ओलाव्यानं पत्रे गंजतात म्हणून. आमच्यापर्यंत हे पोचेस्तोवर आम्ही पत्रे गंजवून मोकळे झालो होतो. अदलाबदल शाळेच्या पायरीवर व्हायची. मामा कुणाचेच यायचे नाहीत.

फुटबॉलचे गेम विकणं हा वेगळाच जाच. दर वर्षी नवा येतो आणि डबीवरच वर्षाचा आकडा छापलेला, त्यामुळं वय चोरायची सोय नाही. २०२२ साली फिफा २३ आला तो त्या नावाचा ईए कंपनीचा शेवटचा. पुढं कंपनीची आणि फिफाची फारकत झाली आणि २०२३ला तोच खेळ ईए स्पोर्ट्स एफसी २४ म्हणून आला. माझ्याकडं राहिला होता फिफा १९. फुकट घेईना कुणी. शेवटी मी जाहिरातीत लिहिलं, "यात मेस्सी अजून बार्सिलोनात आहे." कॅम्पातला एक माणूस त्याच दिवशी येऊन घेऊन गेला, ट्रायलसुद्धा न घेता. डोळे भरलेले होते की काय कोण जाणे. गिऱ्हाइकाच्या मनातलं दुखणं ओळखावं लागतं.

स्विचची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. साडूंनी दुबईहून मुलाला निन्टेंडो स्विच हे गेमयंत्र आणलं होतं, त्यातलं गेमचं एक कार्ड विकायला माझ्याकडं आलं. हे कार्ड एवढंसं, पोस्टाच्या तिकिटाएवढं. लहान पोरांनी गिळू नये म्हणून कंपनी त्याला डेनाटोनियम बेन्झोएट नावाचं भयंकर कडू रसायन लावते. निपाणीचा गिऱ्हाईक आला, त्यानं कुठून तरी ऐकलेलं, की अस्सल कार्ड कडू लागतं. "चाखून बघू?" मी काही म्हणायच्या आत त्यानं कार्ड जिभेला लावलं. तोंडाचा जो काही आकार झाला तो बघून आमची मांजर उठून गेली. त्याला बोलता येईना, नुसतं मान हलवून 'खरं आहे, खरं आहे' असं सांगत होता. बरोबरच्या मित्राला मात्र खुणेवर विश्वास नव्हता. त्यानंही खात्री करून घेतली.

बायकोनं घाईघाईनं कुंदा पुढं केला. कडूपणा जाईना. आणखी कुंदा. तरी जाईना. डबा खरवडून झाल्यावर दोघांना थोडं बरं वाटलं आणि त्यांनी पैसे दिले. व्यवहारात जो काही नफा होता तो जवळपास पाव किलो कुंद्याएवढाच होता.

कोल्हापूरचा गिऱ्हाईक मात्र सज्जन निघाला. भाव एका दमात मान्य. मध्येच कुठं तरी भेटून डिस्क द्यायची ठरली. तेवढ्यात इकडं सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं, दोन्हीकडच्या पुढाऱ्यांची भाषणं झाली, कुठल्याशा बसला काळं फासलं, आणि नेहमीप्रमाणं दोन्ही राज्यांच्या गाड्या आपापल्या हद्दीत थांबल्या. हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर पोलीस.

"तुम्ही कागलपर्यंत या," तो म्हणाला.

"तुम्ही निपाणीपर्यंत या."

"निपाणी कर्नाटकात येते की हो!"

"तेच तर आमचं १९५६ पासूनचं गाऱ्हाणं आहे," मी म्हणालो.

यावर दोघंही जरा वेळ गप्प. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्याच्या निकालापर्यंत थांबायची माझी तयारी होती, पण त्याच्या मुलाचा वाढदिवस जवळ आला होता. शेवटी निपाणीच्या एका ओळखीच्या तंबाखूवाल्याच्या टेम्पोतून डिस्क पलीकडं गेली. टेम्पोला कुणी अडवलं नाही, तंबाखूला सीमाप्रश्न नाही. रात्री कोल्हापुरातून फोन आला, गेम एक नंबर चालतोय, फक्त डबी उघडली की घरात सगळ्यांना शिंका येतात.

पुतण्या मला हसतो. त्याच्या यंत्राला डिस्क घालायची खाचच नाही. घरबसल्या डाउनलोड करतो, पैसे खात्यातून जातात, ना गेट ना मामा. ऐकायला छान वाटतं. पण खेळून झालेला गेम त्याच्याच खात्याला चिकटून बसतो. विकता येत नाही, उसना देता येत नाही, कपाटात लेमन सेटशेजारीसुद्धा ठेवता येत नाही. त्याच्याकडं संपलेल्या गेमांचा ढीग आहे, आणि तो ढीग त्याच्या आईलाही दिसत नाही. पुतण्याला हा फायदा वाटतो. असेल.

गेल्या नवरात्राच्या तोंडावर बेळगुंदीकडचा एक पोरगा क्रिकेटच्या गेमसाठी आला. क्रिकेटचा गेम आमच्याकडं पडून राहत नाही, त्यामुळं मी ताठ होतो. तो म्हणाला, "पैसे नाहीत अण्णा. रताळी देतो."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून बायको पदराला हात पुसत बाहेर आली. इतकी वर्षं या धंद्याकडं तिनं पाठ फिरवलेली. तिनं डिस्क बघितली नाही, डबी बघितली नाही. "नवी काढलेली की गेल्या बाजारातली?" तिनं विचारलं. पोरगा म्हणाला, कालच काढलीत. तो अर्धं पोतं म्हणाला, ती पूर्ण म्हणाली. तो म्हणाला, काकू, जुना गेम आहे. ती म्हणाली, जुना असला तरी त्याला कोंब येत नाहीत. पोरगा निरुत्तर. पोतं संध्याकाळी स्कूटरवरून आलं, वाटेत गेट न पडता.

नऊ दिवस आम्ही रताळी खाल्ली. उकडून, भाजून, किसून, खिरीत, दुधात. शेजारी वाटली, माझ्या डब्यातून फौंड्रीतल्या साहेबांपर्यंत पोचली. दसरा झाल्यावर एका रविवारी बघतो तर बायको टीव्हीखालच्या कपाटासमोर बसलेली, मांडीवर डब्या.

"ह्यातले संपलेले कुठले?"

मी दाखवले. तिनं दोन वेगळे काढले, एक मी अर्धाच खेळलेला होता तोही काढला.

"चंदगडकडं कोण खेळतंय काय बघा की," ती म्हणाली. "काजू संपलेत."