अंगातल्या बारा नद्या: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्राचीन चिनी वैद्यकातल्या प्रतीकांवरच्या माझ्या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत. देह कधी उघडून न पाहिलेल्या लोकांनी अंगात नद्या, राजा, सेनापती कल्पिले आणि आकडेही जमवून आणले, हा पहिला. असलं कौतुकाने लिहिलं की आजारी माणूस डॉक्टर सोडून सुया टोचून घ्यायला धावतो, म्हणून लेख काढून टाका, हा दुसरा.

पहिला मला पूर्ण मान्य नाही. ‘हुआंगदी नेइजिंग’ या प्राचीन चिनी वैद्यकग्रंथाच्या ‘लिंगशू’ भागातला बारावा अध्याय रक्त आणि प्राणशक्ती वाहून नेणाऱ्या, शरीरातल्या बारा मार्गांची चीनमधल्या बारा जलप्रवाहांशी सांगड घालतो. मेलेल्या माणसाला चिरून आतलं पाहता येतं, हेही तोच अध्याय सांगतो. इ.स. 16 मध्ये सम्राट वांग मांगच्या हुकमाने एका बंडखोराचं प्रेत उघडलं, अवयव मोजले आणि वाहिन्यांत बांबूच्या बारीक काड्या सरकवून त्या कुठे सुरू होतात, कुठे संपतात ते पाहिलं, अशी नोंद हान घराण्याच्या इतिहासात आहे. म्हणजे पाहिलं होतं. पाहिलेलं समजून घ्यायला भाषा मात्र त्यांनी राज्यकारभाराची घेतली. इ.स.पूर्व 221 मध्ये एकछत्री झालेल्या देशात पूर, कालवे, धान्याची कोठारं हीच मोठी काळजी. म्हणून हृदय राजा, यकृत सेनापती, प्लीहा आणि जठर कोठारांचे अधिकारी. बोटांच्या टोकांपासून कोपर-गुडघ्यांपर्यंतच्या, सुया टोचायच्या बिंदूंना क्रमाने विहीर, झरा, ओहोळ, नदी, समुद्र म्हणतात. मला हे फार सुंदर वाटतं, आणि ते मी लपवणार नाही.

आकडे जमवून आणले, हे तुमचं म्हणणं मात्र अगदी बरोबर आहे. चीनमधल्या चांगशा शहरातल्या मावांगदुई इथलं इ.स.पूर्व 168 मधलं थडगं 1973 मध्ये खोदलं, तेव्हा रेशमावर लिहिलेले वैद्यकीय ग्रंथ हाती आले. त्यांत मार्ग अकराच आहेत! उपचारही सुयांचा नाही, शेकाचा. दवण्याच्या कुळातल्या एका वनस्पतीची वाळकी पानं पेटवून द्यायचा. बारावा मार्ग पुढे आला. बिंदूही वर्षाच्या दिवसांइतके 365 सांगितले, पण तिसऱ्या शतकातले वैद्यकग्रंथकार ह्वांगफू मी यांच्या ग्रंथात ते 349 भरतात. निरीक्षण प्रतीकापुढे कुठे वाकलं ते इथे स्पष्ट दिसतं. हे ग्रंथ वाचायचे ते याचसाठी.

आता सुयांविषयी. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या 1162 रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2007 मध्ये आले. पारंपरिक बिंदूंवर टोचलेल्यांपैकी 47.6 टक्क्यांना आराम पडला, भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी 44.2 टक्क्यांना, आणि नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी 27.4 टक्क्यांना. टोचण्याने, स्पर्शाने, कुणीतरी वेळ देण्याने काहीतरी होतं. बिंदूंच्या नकाशातल्या नेमक्या जागेला त्यात फारसं महत्त्व दिसत नाही. म्हणून त्या नकाशावरून उपचार घ्या असं मी कुठेही लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही.

काही वाचक लगेच चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांना मलेरियावरच्या औषधासाठी मिळालेल्या 2015 च्या नोबेलकडे बोट दाखवतात. चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या ग्रंथात छिंगहाव ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितलं आहे. त्यावरून तू योयो यांना कमी उष्णतेत अर्क काढायचं सुचलं. पण मलेरियावर तो चालतो हे ठरलं ते आधी प्राण्यांवरच्या आणि मग माणसांवरच्या चाचण्यांनी. यिन-यांग या परस्परपूरक शक्तींच्या जुन्या कल्पनेच्या आधाराने नव्हे.

लेख काढणार नाही. पुढच्या भागात मावांगदुईच्याच थडग्यातलं, व्यायाम करणाऱ्या 44 आकृत्यांचं चित्र घेणार आहे. त्यावरही असंच खडसावून लिहा.