व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प, लॅपटॉप आणि नांदेडहून आलेला आक्षेप

आदरणीय काका, सप्रेम नमस्कार.

आपण प्रतिक्रियेखाली नाव न लिहिता ‘नांदेडचा जुना गिटारवाला’ एवढीच सही केली आहे आणि चाळीस वर्षे ऑर्केस्ट्रात वाजवल्याचे सांगितले आहे, म्हणून काका म्हणण्याची मोकळीक घेतो. ‘अ‍ॅम्प घ्यायची घाई करू नका, आधी लॅपटॉपवर अ‍ॅम्पचे सॉफ्टवेअर वापरून पाहा’ या माझ्या लेखावर (अ‍ॅम्प म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारे यंत्र) आपले तीन आक्षेप आहेत. सॉफ्टवेअरचा आवाज ही नक्कल आहे आणि तिला वाजवणाऱ्याचा हात कळत नाही, हा पहिला. तार छेडल्यावर आवाज उशिरा येतो आणि ताल बिघडतो, हा दुसरा. मुले तयार प्रीसेट, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेले आवाज, चाळत बसतात आणि त्यांना स्वतःचा आवाज सापडत नाही, हा तिसरा. शेवटी आपण विचारले आहे की, तुमच्या विद्यार्थ्यांना एकदा तरी खऱ्या अ‍ॅम्पसमोर उभे केले आहे का? हा प्रश्न मला लागला. त्याचे उत्तर शेवटी देतो, कारण ते देण्यासाठी मला आधी काही करावे लागले.

मी तो लेख ज्याच्यासाठी लिहिला, तो वाचक आधी आपल्यापुढे उभा करतो. दहावी झाली की मराठवाड्याच्या सगळ्या जिल्ह्यांतून मुले-मुली नीट आणि जेईईच्या तयारीसाठी लातुरात येतात आणि एकेका खोलीत तिघे-चौघे राहतात. माझ्याकडे शिकणारी अकरावीतली एक विद्यार्थिनी परभणी जिल्ह्यातली आहे. रात्री दहाच्या सुमारास तिला जेमतेम अर्धा तास मिळतो आणि त्या वेळी तिच्या खोलीतल्या दोघी पुस्तके उघडून बसलेल्या असतात. तिच्यासमोर व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांचा, अ‍ॅम्प की सॉफ्टवेअर अशी निवड कधी नव्हतीच. आवाज एकवर ठेवलेला लहान स्पीकरचा डबा की हेडफोन, एवढीच निवड होती. चांगल्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पची किंमत दुभत्या म्हशीच्या किमतीला जाऊन भिडते, हे आपण जाणता. शिवाय तीस वॅटचा अ‍ॅम्प त्याच्या खऱ्या रंगात येईपर्यंत वाजवला, तर तिला त्या खोलीत कोणी राहू देणार नाही.

आता नक्कल. मार्शल कंपनीचा पहिला अ‍ॅम्प, जेटीएम 45, लंडनमध्ये 1962 च्या सुमारास घडला, तो अमेरिकेतल्या फेंडरच्या बेसमन अ‍ॅम्पचे सर्किट समोर ठेवूनच. सुटे भाग इंग्लंडमध्ये मिळणारे होते, स्पीकर वेगळे होते आणि त्या फरकातून जो आवाज निघाला, त्याला पुढे कोणी नक्कल म्हटले नाही. म्हणून एखादी गोष्ट कशावरून घेतली आहे, यापेक्षा ती वाजवणाऱ्याला काय परत देते, ते तपासावे असे मला वाटते.

सॉफ्टवेअर आत जे करते, ते आपण समजता तसे आवाजाचे ध्वनिमुद्रण वाजवून दाखवणे नव्हे. काही सॉफ्टवेअर अ‍ॅम्पच्या सर्किटमधल्या प्रत्येक टप्प्याचे गणित मांडते आणि येणाऱ्या प्रत्येक लहरीवर ते गणित त्या क्षणी करते. ‘न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर दुसऱ्या वाटेने जाते. तिथे खऱ्या अ‍ॅम्पमधून एक ठरावीक चाचणीचा आवाज पाठवून बाहेर काय आले ते नोंदवतात आणि संगणकाला तोच फरक घडवायला शिकवतात. स्पीकर आणि त्याच्यासमोरचा माइक यांची नोंद आणखी वेगळी घेतात. जुन्या वाड्याच्या चौकात एक टाळी वाजवली की त्या चौकाचा सगळा घुमारा त्या टाळीत ऐकू येतो. तशीच स्पीकरची एक ‘टाळी’ नोंदवून ठेवतात आणि गिटारचा आवाज तिच्यातून काढतात. हा टप्पा बंद राहिला तर डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाडलेला आवाज, गांधीलमाशीसारखे कानात घोंघावते, कारण गिटारचा बारा इंची स्पीकर साधारण 5,000 हर्ट्‌झच्या वरचा आवाज झपाट्याने कमी करतो आणि हेडफोन तो जसाच्या तसा कानात सोडतो. सॉफ्टवेअर एकदाच ऐकून कायमचे बंद करणाऱ्या कित्येकांनी हाच घोंघाट ऐकलेला असतो.

आता हाताविषयी. वर सांगितलेल्या विद्यार्थिनीला गेल्या महिन्यात मी मुद्दाम एकच काम दिले होते. सॉफ्टवेअरमधल्या अ‍ॅम्पचा गेन (आत येणाऱ्या आवाजाचा जोर) एवढाच ठेवायचा की जोरात छेडल्यावर आवाज किंचित फाटेल आणि हलक्या हाताने स्वच्छ राहील. त्यानंतर माउसला हात लावायचा नाही. गिटारवरचा व्हॉल्यूमचा नॉब आणि उजवा हात, एवढेच वापरायचे. पहिल्या दिवशी तिचा प्रत्येक स्वर फाटत होता, कारण तिचा हात एकाच जोराने चालत होता आणि लहान डब्यावर वर्षभर वाजवूनही ही गोष्ट तिला ऐकू आली नव्हती. चौथ्या दिवशी तिने नॉब दहावरून सहावर आणला, पिक बाजूला ठेवून अंगठ्याच्या मांसाने तार छेडली, आणि आवाज चिंचेने घासलेल्या तांब्याच्या गडव्यासारखा लख्ख झाला. तिने तोच स्वर पुन्हा जोरात छेडला, तो फाटला. पुन्हा हलका, पुन्हा स्वच्छ. पंधरा मिनिटे ती एवढेच करत होती. तिला तिचा हात तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला.

यात एक अट आहे आणि ती माझ्या लेखात राहून गेली, हा दोष मी मान्य करतो. गिटार इंटरफेसच्या, म्हणजे ती लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्याच्या, साध्या लाइन इनपुटला जोडली तर पिकअपवर (तारांची थरथर टिपणाऱ्या भागावर) भार पडतो आणि वरचे स्वर मेल्यासारखे होतात. गिटारसाठीचे इनपुट वेगळे असते, त्याचा रोध साधारण दहा लाख ओहम असतो आणि अनेकदा त्याचे बटण दाबावे लागते. दुसरे असे की, पुष्कळ मुले इंटरफेसचा गेन लाल दिवा लागेपर्यंत चढवतात. मग सॉफ्टवेअरमधल्या अ‍ॅम्पला गिटार कधीच देऊ शकणार नाही एवढा जोर मिळतो, हलका आणि जड हात सारखाच वाजतो आणि आपल्यासारख्या जाणत्या कानाला ते निर्जीव वाटते. सॉफ्टवेअरवर ज्याचा आवाज निर्जीव वाटला अशा एका मुलाचे उदाहरण आपण दिले आहे; त्याच्याकडे नेमके हेच झाले असावे. त्याचा गेन अगदी खाली आणून एकदा पुन्हा ऐकावे, अशी विनंती आहे.

फझ पेडल, म्हणजे आवाज खरखरीत करणारा पायाखालचा डबा, सॉफ्टवेअरमध्ये खऱ्यासारखा वागत नाही, हा आपण काढलेला मुद्दा मात्र बिनतोड आहे. 1966 मध्ये लंडनच्या आर्बिटर कंपनीने काढलेल्या फझ फेससारखे पेडल थेट गिटारच्या पिकअपवर भार टाकते. गिटार आणि पेडल मिळून एकच सर्किट होते, म्हणून नॉब थोडासा मागे घेतला की आवाज काचेसारखा मोकळा होतो. गिटार आधी इंटरफेसमध्ये गेली की हे नाते तुटते. तेव्हा ज्याला तो आवाज हवा आहे, त्याने ते एक पेडल खरेच घ्यावे आणि इंटरफेसच्या आधी जोडावे.

उशिराची तक्रार थोडक्यात सांगतो. संगणक एका सेकंदाचे 48,000 तुकडे मोजत असेल आणि 128 तुकड्यांचा बफर (एका वेळी हाताळायचा गठ्ठा) ठेवला, तर एका बफरला 2.7 मिलिसेकंद लागतात; येणे, जाणे आणि इतर वेळ धरून माझ्या लॅपटॉपवर एकूण उशीर आठ-नऊ मिलिसेकंदांचा होतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे मंचावर आपल्या अ‍ॅम्पपासून तीन मीटरवर उभे राहिल्यास आपल्याला एवढाच उशिरा ऐकू येत असे. ताल बिघडवणारा उशीर इंटरफेसचा एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजवर इंटरफेसशी थेट बोलणारे सॉफ्टवेअर) न टाकल्याने किंवा ब्लूटूथ हेडफोन लावल्याने होतो. हेडफोन वायरचाच हवा.

विजेचा मुद्दा आपण काढला नाही, पण आपल्या भागात तो टाळता येत नाही. रब्बीत शेतीपंप सुरू झाले की संध्याकाळी दाब खाली येतो, आणि 230 व्होल्टवर बेतलेल्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला त्याहून बराच कमी दाब मिळाला की त्याचा आवाज खचतो, हे आपण मंचावर अनुभवले असेल. लॅपटॉप बॅटरीवर चालतो, लहान इंटरफेस त्याच्याच वायरवर चालतो, वीज गेली तरी रियाज थांबत नाही. हमिंगचा त्रास मात्र इथेही आहे. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते. त्या वर्षी माझ्या खोलीत चार्जर लावून गिटार हातात घेतली की तारांना झिणझिण्या येत आणि हेडफोनमध्ये सतत ‘घूं’ असा आवाज राही. मी केबल बदलल्या, पिकअप तपासले. शेवटी आमच्या गल्लीतल्या वृद्ध वायरमननी अंगणातला अर्थिंगचा खड्डा उघडून दाखवला: आतली माती फुफाट्यासारखी कोरडी झाली होती. कोरडी माती वीज नीट वाहून नेत नाही. त्यांनी कोळसा आणि मीठ भरले आणि भांडी घासून उरलेले पाणी रोज तिथे ओतायला सांगितले. दोन दिवसांत झिणझिण्या थांबल्या आणि हमिंग निम्म्याहून कमी झाले. त्यानंतर हा आवाज आला की मी आधी तो खड्डा पाहतो.

तिसऱ्या आक्षेपाशी मी जवळजवळ सहमत आहे. तीनशे प्रीसेट चाळण्यात संध्याकाळ गेली की बोटे तिथेच राहतात. माझ्याकडच्या मुलांना पहिले सहा महिने एकच अ‍ॅम्प, एकच स्पीकर आणि जास्तीत जास्त एक इफेक्ट, एवढीच परवानगी आहे. इथे मला गायकांच्या घरातला इलेक्ट्रॉनिक तानपुरा आठवतो. त्याच्यावर कित्येकांचा पहाटेचा रियाज उभा राहिला, पण मैफलीत बसताना गायक जवारी लावलेली तानपुऱ्याची जोडीच मागे घेतो, आणि दोन्हींत त्याला विरोध दिसत नाही. सॉफ्टवेअरची जागा माझ्या मनात रियाजाच्या बाजूला आहे. मंचावर ते चालते, पण वेगळी तयारी लागते. मागच्या गणेशोत्सवात आमच्या एका मुलाने हेडफोनवर मन लावून बसवलेला आवाज मोठ्या स्पीकरवर इतका घुमला की त्यात बास गिटार हरवून गेली. हळू आवाजात आपल्या कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात, म्हणून तो ते वाढवत गेला होता. तेव्हापासून मंचावरचा प्रीसेट आम्ही मोठ्या आवाजात, स्पीकरवरच बसवतो.

आणि आता आपला शेवटचा प्रश्न. नव्हते उभे केले, काका. दहा वर्षांत एकदाही नाही. आपली प्रतिक्रिया वाचल्यानंतरच्या रविवारी मी तिघांना घेऊन अंबाजोगाईला एका मित्राकडे गेलो. त्याच्याकडे दोन बारा इंची स्पीकरचा जुना व्हॉल्व्ह अ‍ॅम्प आहे. ती परभणीची मुलगी अ‍ॅम्पपासून चार फुटांवर उभी राहिली आणि तिने एक स्वर छेडून धरला. तो मावळायला हवा होता, तो मावळेना. स्पीकरमधली हवा तारेला पुन्हा हलवत होती. ती दचकून थोडी वळली आणि तोच स्वर वरच्या सप्तकात चढला. तिने पुन्हा मागे वळून पाहिले, तो खाली आला. हेडफोनमध्ये हे होत नाही, कारण तिथे तारेपर्यंत परत जाणारी हवाच नाही. माझ्या लेखात हे वाक्य असायला हवे होते. मी ते आज जोडले आहे.

आपण लिहिले आहे की आपला स्वतःचा अ‍ॅम्प दोन वर्षांपासून खोळ घालून ठेवला आहे, कारण एक व्हॉल्व्ह गेला आणि तो बसवणारा मेकॅनिक उरला नाही. एके काळी बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स रेडिओचे व्हॉल्व्ह बनवत असे आणि ते ओळखणारी माणसे आपल्या तालुक्यांच्या गावीही होती. आज व्हॉल्व्ह रशिया, स्लोव्हाकिया किंवा चीनमधून येतात, पण मिळतात. काचेवर काय छापले आहे ते वाचून कळवावे. ईएल 84 आहे की ईएल 34, एवढे कळले तरी मी मागवतो. तोवर कृपया मागची पाटी उघडू नये. वीज बंद असली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट दडून राहू शकतात. व्हॉल्व्ह आला की एका रविवारी आम्ही चौघे नांदेडला येऊ, गिटार आणि स्टॅबिलायझर आमचा आणू, आणि पहिला स्वर आपण छेडावा.