“सीलबंद गिअरबॉक्सचं ऑइल बदलून पैसे काढले”: आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमच्या गवत कापायच्या, बसून चालवायच्या गाडीच्या दुरुस्तीबद्दलचा तुमचा अभिप्राय दोनदा वाचला. तुमच्या तक्रारी तीन. सीलबंद गिअरबॉक्सचं ऑइल गरज नसताना बदललं, ऑइलचे पैसे दोनदा लावले, आणि चार दिवस ठेवून घेऊनही घरी आणल्यावर गाडी कण्हत होती, चढावर थांबली. तिसऱ्या तक्रारीत चूक पूर्ण आमची आहे, म्हणून तिच्यापासून सुरू करतो.

नवं ऑइल भरलं की गिअरबॉक्सच्या आत हवा अडकते आणि गाडी कण्हते. ती काढायला मागची चाकं जमिनीवरून उचलायची, बायपासचा दांडा ओढायचा (तो ओढला की ऑइलचा जोर चाकांवर येत नाही, गाडी हाताने ढकलता येते), इंजिन मंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा पुढे-मागे दाबायचं. मग बायपास बंद करून पुन्हा तेच. आमच्या वर्कशॉपमधल्या मुलाने पहिला भाग केला, दुसरा राहिला, कारण टेम्पो दारात उभा होता. गाडी टेम्पोत चढवण्याआधी मी स्वतः चालवून बघायला हवी होती, ती बघितली नाही. माफ करा. उद्या-परवा मी स्वतः केरीला येतो. अर्ध्या तासाचं काम आहे, त्याचे पैसे नाहीत.

आता सीलबंदचं. तुमच्या गाडीला टफ टॉर्क कंपनीचा के-४६ गिअरबॉक्स आहे, ऑइलच्या दाबावर चालणारा. त्याला खालून ऑइल सोडायचा नट नाही, म्हणून लोक त्याला सीलबंद म्हणतात. पण ऑइल बदलता येतं. मागची चाकं, पट्टा, ब्रेकची सळी, पेडलची जोडणी सोडवून अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवायचा आणि उलटा करून वरच्या तोंडातून ऑइल निथळू द्यायचं. मजुरी त्याची आहे. साध्या गिअरच्या गाडीत ऑइल किंवा ग्रीस दाते झिजू नयेत म्हणून असतं. इथे चाक ऑइलच फिरवतं. आतला पंप ते दाबाने आतल्याच मोटरकडे ढकलतो, ती त्या दाबाने फिरते आणि चाकं फिरवते. ते खराब झालं की गरम झाल्यावर दाब टिकत नाही. गाडी आणली तेव्हा तुम्हीच सांगितलं होतं, सकाळी बरी चालते, अर्ध्या तासाने बागेचा चढ चढत नाही.

उलटा केल्यावर जे बाहेर आलं ते ऑइल दिसतच नव्हतं. दूध जास्त झालेल्या चहाचा रंग. आतल्या चुंबकावर राखाडी लेप होता, बोटावर घेतला तर उन्हात चमकत होता. ते लोखंडाचं पीठ. पाणी वरच्या झाकणातून शिरलं, त्याला हवा जायला वाट असते. गवत कापून झालं की तुमचा माळी सीट उचलून प्रेशरच्या पाइपाने धुतो, हे त्यानेच आमच्या मुलाला सांगितलं. शिवाय गाडी माडाखाली उघड्यावर, आणि आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. गिअरबॉक्सवरच्या पंख्यात तर सुकं गवत गच्च बसलं होतं, म्हणजे थंडही होत नव्हता. धुवायची असेल तर वरून पाणी नको, कोरडा ब्रश आणि हलकी हवा मारायला सांगा.

दोनदा ऑइल का? पाणी शिरलेल्या गिअरबॉक्समध्ये एकदा भरून भागत नाही. पहिलं १०डब्ल्यू-३० नंबरचं ऑइल घातलं, बाकावर पुली ड्रिलने फिरवली, रात्रभर निथळत ठेवलं. तेही गढूळ निघालं. मग दुसरं भरलं. काम बरोबर होतं, पण दुसऱ्यांदा भरण्याआधी तुम्हाला फोन करायला हवा होता. न विचारता बिलात घातलं ते चुकलं. धुण्यात गेलेल्या ऑइलचे पैसे येताना परत आणतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. हवा काढल्यावरही गाडी गरम होऊन चढावर बसली, तर आतला पंप झिजलाय. मग कितीही ऑइल बदललं तरी फरक पडणार नाही, आणि मी ते बदलणारही नाही. कुणी नव्वद नंबरचं जाड गिअर ऑइल घाला म्हणालं तर घालू नका, या गिअरबॉक्ससाठी ते नाही.

तुमचं जुनं ऑइल बिसलेरीच्या बाटलीत ठेवलंय, येताना घेऊन येतो. तोवर गाडी चालवू नका. हलवायचीच असेल तर मागचा दांडा ओढून, बायपास उघडा ठेवूनच ढकला.